दहा लाख कशाचे? नेपाळच्या जनयुद्धातल्या मृतांचे नातेवाईक आणि भरपाईचा प्रश्न

(पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता आपल्यापासून लांबचा वाटेल. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं सशस्त्र बंड चाललं. माओवादी पक्षानं त्याला जनयुद्ध म्हटलं, सरकारनं दहशतवाद म्हटलं. त्या दहा वर्षांत मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांच्या आई-वडिलांनी, बायकांनी, मुलांनी नंतर सरकारकडे भरपाई मागितली. त्या मागणीचं काय झालं, यावर मी बोलणार आहे.

माझ्या पीएचडीचा विषय जातीय अत्याचारानंतर कुटुंबांना मिळणारी सरकारी मदत हा आहे. तुलनेसाठी म्हणून मी नेपाळमधले न्यायालयीन निकाल आणि मानवाधिकार संस्थांचे अहवाल वाचायला घेतले. वाचता वाचता लक्षात आलं की कागद काठमांडूचे असले तरी त्यातले शब्द आपल्या तहसील कार्यालयातले आहेत.

नेपाळशी आपलं एक जुनं नातंही आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेत ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. विषमता संपवायला हिंसेचा मार्ग घ्यायचा की दुसरा, हाच त्या भाषणाचा गाभा होता. पुढे चाळीस वर्षांनी त्याच देशात माओवाद्यांनी बंदूक उचलली. आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी, म्हणजे त्या भाषणाला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सरकार आणि माओवादी यांच्यात शांतता करार झाला. तारखांचा हा योगायोग आहे, पण प्रश्न तोच आहे.

मेलं कोण?

१९९६च्या फेब्रुवारीत बंड सुरू होण्याच्या काही दिवस आधी माओवाद्यांनी सरकारला चाळीस मागण्यांचं निवेदन दिलं होतं. त्यात अस्पृश्यता संपवा, अशीही मागणी होती. ती तिथं का आली हे समजायला १८५४चा मुलुकी ऐन माहीत हवा. जंगबहादुर राणानं केलेला हा कायदा. आपल्याकडे मनुस्मृती हा धर्मग्रंथ होता. नेपाळमध्ये कोण कोणाच्या हातचं पाणी पिऊ शकतो हे राज्याच्या कायद्यातच लिहिलं गेलं. दलितांना सगळ्यात खाली टाकलं. थारू समाजाला अशा वर्गात टाकलं, की त्यातल्या माणसाला कायद्यानं गुलाम करता येत होतं. १९६३मध्ये नवा मुलुकी ऐन आला आणि कायद्यातली जातवार शिक्षा गेली. गावातली जात मात्र गेली नाही.

थारूंचं उदाहरण मी जरा सविस्तर सांगते. नेपाळच्या दक्षिणेला, भारताच्या सीमेला लागून तराई हा सपाट मुलूख आहे. १९५०-६०च्या दशकात तिथला मलेरिया आटोक्यात आणला गेला आणि डोंगराळ भागातून उच्चजातीय लोक खाली उतरून वसले. कागद ज्याच्याकडे, जमीन त्याची झाली. थारूंकडे कागद नव्हते. पश्चिम तराईत हजारो थारू कुटुंबं ‘कमैया’ झाली, म्हणजे कर्जापोटी जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारी. आपल्याकडच्या वेठबिगारीसारखाच हा प्रकार. सरकारनं कमैया प्रथा बंद केली ती जुलै २०००मध्ये. अशा माणसांना माओवाद्यांचं जमिनीविषयीचं बोलणं पटलं असेल तर त्यात आश्चर्य नाही. पण ज्यांना पटलं नव्हतं, जे कशातच नव्हते, तेही नुसते थारू आहेत म्हणून संशयित ठरले.

नोव्हेंबर २००१मध्ये आणीबाणी लागली आणि सैन्य उतरलं. पश्चिम तराईतल्या बर्दिया जिल्ह्यात माणसं घरातून, शेतातून उचलली गेली आणि परत आली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं डिसेंबर २००८मध्ये या जिल्ह्यावर स्वतंत्र अहवाल काढला. जिल्ह्याच्या लोकसंख्येत थारू साधारण निम्मे. सरकारी यंत्रणेनं बेपत्ता केलेल्यांच्या ज्या घटना नोंदवल्या गेल्या, त्यात थारू ८५ टक्क्यांहून जास्त. बंडाच्या बातमीत सरकार आणि माओवादी असे दोनच पक्ष दिसतात. मेलेल्यांची यादी उघडली की जात दिसते.

संपूर्ण देशात किती मेले? संयुक्त राष्ट्रांच्या २०१२च्या अहवालात किमान १३,००० मृत आणि १,३०० बेपत्ता असा आकडा आहे. नेपाळ सरकारचा नंतरचा आकडा १७,००० च्या घरात जातो. यात सैन्यानं आणि पोलिसांनी मारलेले आहेत, तसेच माओवाद्यांनी मारलेलेही आहेत. ६ जून २००५ रोजी चितवनमधल्या माडी इथं माओवाद्यांनी प्रवाशांनी भरलेली बस सुरुंगानं उडवली. त्यात तीसहून जास्त साधी माणसं गेली. बंड शोषितांच्या नावानं झालं म्हणून त्या बसमधल्या माणसांचं मरण कमी दुःखाचं होत नाही.

पैसे आले, पण कोणत्या नावानं?

शांतता करारात दोन्ही बाजूंनी लिहून दिलं होतं की बेपत्ता माणसांची नावं साठ दिवसांत जाहीर करू. साठ दिवस उलटले, वर्षं उलटली. १ जून २००७ रोजी नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं बेपत्तांच्या नातेवाइकांच्या ८३ याचिकांवर एकत्र निकाल दिला. न्यायालय म्हणालं : बेपत्ता करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा करा, चौकशीसाठी आयोग नेमा, दोषींवर कारवाई करा आणि तोपर्यंत कुटुंबांना तात्पुरती मदत द्या.

या चारपैकी सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज काय झालं असेल? मदत. २००८पासून सरकारनं ‘अंतरिम राहत’ कार्यक्रम सुरू केला. मृताच्या कुटुंबाला सुरुवातीला १ लाख रुपये, नंतर टप्प्याटप्प्यानं वाढवत एकूण १० लाखांपर्यंत. हे नेपाळी रुपये. भारतीय हिशोबात साधारण सव्वासहा लाख. बेपत्तांच्या कुटुंबांना सुरुवातीला मृतांच्या कुटुंबांपेक्षा कमी रक्कम होती. त्यांनी भांडून ती वाढवून घेतली.

या कार्यक्रमातली एक गोष्ट चांगली होती. सैन्यानं मारलेल्याचं कुटुंब आणि माओवाद्यांनी मारलेल्याचं कुटुंब, दोघांनाही मदत मिळू शकत होती. मेलेला माणूस बंडखोर होता की निरपराध, या प्रश्नावर आईचं पोट भरायचं की नाही हे ठरत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे भारताबद्दल बोलताना लागेल.

पण दोन मोठ्या गोष्टी वगळल्या गेल्या. कोठडीत छळ झालेल्यांना आणि बलात्कार झालेल्या स्त्रियांना या अंतरिम मदतीच्या यादीत जागाच नव्हती. त्यांनी जावं कुठं? छळाच्या भरपाईचा १९९६चा कायदा होता. त्यात तक्रारीची मुदत ३५ दिवस आणि भरपाईची कमाल मर्यादा १ लाख. बलात्काराच्या तक्रारीलाही त्या काळी मुदत ३५ दिवसच होती. बराकीत बलात्कार झालेली बाई, गावात आणीबाणी, बाहेर सैन्य, आणि तिनं ३५ दिवसांत त्याच सरकारच्या पोलीस ठाण्यात जायचं!

मुदत ही गरिबाच्या दाव्यासमोरची पहिली भिंत असते. म्हणून नेपाळच्या बाहेरचं एक उदाहरण इथंच सांगते. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात डच सैन्यानं ९ डिसेंबर १९४७ रोजी जावा बेटावरच्या रावागेदे गावातले पुरुष रांगेत उभे करून मारले. त्यांच्या विधवांनी नेदरलँड्सच्या न्यायालयात दावा लावला तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. डच सरकारचा बचाव होता, मुदत संपली. हेगच्या न्यायालयानं सप्टेंबर २०११मध्ये हा बचाव या विधवांच्या बाबतीत फेटाळला. त्यांना प्रत्येकी २०,००० युरो मिळाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूतानं गावात जाऊन माफी मागितली. चौसष्ट वर्षांनी. मुदतीचा नियम माणसांनी केलेला असतो आणि न्यायालयाला पटलं तर तो बाजूला ठेवता येतो, एवढं यातून घ्यायचं.

कागदांचा डोंगर

आता नेपाळच्या त्या दहा लाखांपर्यंत पोचायची वाट पाहू. मयताचा दाखला हवा. तुमचं त्याच्याशी नातं काय, याचं ‘नाता प्रमाणित’ हवं. नागरिकत्वाचा दाखला हवा. लग्नाची नोंद हवी. ज्यांची लग्नं अंगणात झाली, ज्यांच्या जन्माची नोंद कोणी केली नाही, ज्यांना सही येत नाही, त्यांच्याकडे हे सगळं कुठून असणार? ज्यांच्या जमिनी कागद नसल्यामुळे गेल्या होत्या, त्यांच्याकडेच आता मेलेल्या मुलाचा कागद मागितला गेला.

सगळ्यात अवघड अवस्था बेपत्ता माणसाच्या बायकोची. नवऱ्याच्या नावची जमीन स्वतःच्या नावावर करायची तर तो मेला आहे हे लिहून द्यावं लागतं. बेपत्ता माणूस मेला असं कायद्यानं मानायला नेपाळमध्ये पूर्वी बारा वर्षं थांबावं लागे. आपल्याकडे सात वर्षांचा नियम आहे. तोवर ती सधवाही नाही, विधवाही नाही. सिंदूर लावला तर गाव बोलतं, पुसला तर सासू म्हणते, माझ्या मुलाला तू मारलंस. मदत आली की ती सुनेला मिळावी की सासऱ्याला, यावरून घरं फुटली. मुलगा सोळाचा झाला की त्याच्या नागरिकत्वाच्या दाखल्यासाठी वडिलांचा कागद मागितला जाई, आणि वडील तर सरकारनंच नेलेले. तरीही या बायकांनीच समित्या बांधल्या, याद्या केल्या, मोर्चे काढले. बर्दियातल्या थारू बायाही त्यात होत्या.

शब्दाचा प्रश्न

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. नेपाळच्या कायद्याच्या भाषेत दोन शब्द आहेत : ‘राहत’ आणि ‘परिपूरण’. राहत म्हणजे संकटात सापडलेल्याला दिलेली मदत. पूर आला, घर पडलं, राहत मिळते. तिथं कोणी गुन्हेगार नसतो. परिपूरण म्हणजे ज्यानं नुकसान केलं त्यानं ते भरून देणं. त्यात पैसा येतो. शिवाय सत्य सांगणं, माफी मागणं, प्रेत कुठं पुरलं ते दाखवणं, पोरांचं शिक्षण, उपचार आणि पुन्हा असं होणार नाही याची हमी, हे सगळं येतं. २०१४च्या सत्य निरूपण आयोगाच्या कायद्यात परिपूरण हा शब्द आहे. पण कुटुंबांच्या हातात आजवर प्रामुख्यानं पडली ती राहत.

मराठीतही हीच जोडी आहे. एका बाजूला ‘मदत’, ‘अर्थसहाय्य’, ‘सानुग्रह अनुदान’. दुसऱ्या बाजूला ‘नुकसानभरपाई’. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपेनं. कृपा करणाऱ्याला कधी जाब विचारता येत नाही. मी आठवीत असल्यापासून आमच्या वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहीत आले आहे, तुमच्यातले बरेच जण लिहीत असतील. कॉलेजात असताना शेजारच्या एका काकूंचा अर्ज घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले. विषय लिहिला होता, ‘नुकसानभरपाई मिळणेबाबत’. टेबलावरच्या बाबूंनी पेन घेतलं, ‘नुकसानभरपाई’वर काट मारली आणि वर लिहिलं ‘आर्थिक मदत’. म्हणाले, “भांडायला आलात का मागायला आलात?” त्या एका वाक्यात हा सगळा विषय आहे. मागणाऱ्याला सरकार देतं. भांडणाऱ्याला आधी उत्तर द्यावं लागतं.

नेपाळमधल्या दोन कुटुंबांमुळे हा फरक मला नीट समजला.

पहिलं मैना सुनुवारचं. काभ्रे जिल्ह्यातली पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी. फेब्रुवारी २००४मध्ये सैन्यानं तिला घरातून नेलं आणि पांचखालच्या बराकीत छळ करून मारलं. ती बराक म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणाऱ्या सैनिकांचं प्रशिक्षण केंद्र होतं. २००५मध्ये लष्करी न्यायालयानं तीन अधिकाऱ्यांना दोषी धरलं, पण खुनासाठी नाही. चौकशीची आणि प्रेताच्या विल्हेवाटीची योग्य पद्धत पाळली नाही म्हणून. शिक्षा सहा महिने, तीही चौकशीच्या काळात भोगून झालेली. आणि कुटुंबाला भरपाई : एका अधिकाऱ्यानं ५० हजार, बाकी दोघांनी २५-२५ हजार. एकूण १ लाख. इथं तर ‘भरपाई’ हा शब्दही होता. पण ती भरपाई खुनाची नव्हती, कार्यपद्धतीतल्या चुकीची होती. मैनाची आई देवी सुनुवार यांनी प्रकरण तिथं संपू दिलं नाही. २००७मध्ये बराकीच्या आवारातून मैनाचे अवशेष उकरून काढले गेले. एप्रिल २०१७मध्ये काभ्रे जिल्हा न्यायालयानं त्या तिघांना खुनासाठी जन्मठेप सुनावली. आरोपी न्यायालयात हजर नव्हते. पण सरकारी कागदावर खून हा शब्द आला. तो आणायला आईला तेरा वर्षं लागली.

दुसरं कुटुंब गोरखा जिल्ह्यातल्या अधिकारी दांपत्याचं. नंदप्रसाद आणि गंगामाया. त्यांचा मुलगा कृष्णप्रसाद २००४मध्ये चितवनमध्ये मारला गेला, आरोप माओवाद्यांवर. युद्धानंतर माओवादी सत्तेत आले आणि खटला हलेना. दोघं काठमांडूत उपोषणाला बसले. खटला चालवा, एवढीच मागणी. सुमारे अकरा महिन्यांच्या उपोषणानंतर २२ सप्टेंबर २०१४ रोजी नंदप्रसाद वारले. हे कुटुंब ब्राह्मण. मी मुद्दाम सांगते आहे. सत्तेतल्या माणसावर खटला मागताना त्यांचं हे झालं. मग बर्दियातल्या थारू बाईची, डोंगरातल्या दलित बापाची गोष्ट काय असेल? आणि हेही लक्षात घ्या की बंड करणारा पक्ष सत्तेत आला, शोषितांचं नाव घेऊन आला, तरी आपल्या हातून मेलेल्यांना उत्तर द्यायला तो तयार नव्हता. खटल्याला सैन्यही घाबरलं आणि माओवादीही. पैसे द्यायला मात्र दोघांचीही हरकत नव्हती. माझ्या मते भरपाईच्या राजकारणाचं मर्म इथं आहे.

२०१५मध्ये नेपाळमध्ये दोन आयोग नेमले गेले, एक सत्य आणि मेळमिलापासाठी, दुसरा बेपत्तांसाठी. पहिल्याकडे ६३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, दुसऱ्याकडे तीन हजारांहून अधिक. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मात्र तीनशेच्या आसपासच. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं कायद्यातली सरसकट माफीची तरतूद रद्द केली. गंभीर गुन्ह्यात पीडितांच्या संमतीशिवाय माफी नाही, असं सांगितलं. कायदा सुधारायला सरकारनं ऑगस्ट २०२४ उजाडवला. करारात साठ दिवस लिहिले होते. त्याला तोवर जवळजवळ अठरा वर्षं झाली होती. वाट पाहणारे आई-वडील एकेक करून जात आहेत.

आपल्याकडे

मग भारतात काय? इथं दोन वेगळ्या वाटा आहेत आणि दोन्ही माहीत असायला हव्यात.

पहिली घटनेची. १९८७मध्ये ओडिशात सुमन बेहेरा या २२ वर्षांच्या तरुणाचा पोलीस कोठडीनंतर रेल्वेरुळावर मृतदेह सापडला. त्याची आई नीलाबती बेहेरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. १९९३च्या निकालात दीड लाख रुपये भरपाई दिली आणि तत्त्व मांडलं : मूलभूत हक्काचं उल्लंघन झालं की राज्याला भरपाई द्यावीच लागते, ‘आम्ही सार्वभौम आहोत’ हा बचाव चालणार नाही. कलम २१ आणि कलम ३२. बाबासाहेबांनी कलम ३२ला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. एका आईच्या पत्रानं ते इथं कामाला लावलं.

दुसरी वाट ॲट्रॉसिटी कायद्याची. २०१६च्या सुधारित नियमांनुसार खुनाच्या प्रकरणात कुटुंबाला ८ लाख २५ हजार रुपये. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. शिवाय पेन्शन आणि मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च. नियमांत शब्द ‘अर्थसहाय्य’ असाच आहे, पण रचना पाहा : पैसा खटल्याच्या टप्प्यांना बांधलेला आहे. पैसे मिळाले म्हणून खटला संपत नाही, उलट खटला पुढे गेला की पैसे येतात. नेपाळच्या राहतीत हे नव्हतं. आपल्या चळवळीनं मिळवलेली ही गोष्ट आहे, ती कमी लेखू नका.

पण बंडाच्या प्रदेशात आपला देश नेपाळच्याही मागे आहे. नक्षलवाद्यांनी नागरिकाला मारलं तर कुटुंबासाठी सरकारी मदतीची तरतूद आहे, आणि ती असलीच पाहिजे. पोलिसांनी ‘चकमकीत’ मारलं तर कुटुंबानं आधी आपला माणूस नक्षलवादी नव्हता हे सिद्ध करायचं. छत्तीसगडमधल्या सारकेगुडा इथं जून २०१२मध्ये १७ आदिवासी मारले गेले. ते माओवादी होते याला पुरावा नाही, असं न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाचा अहवाल २०१९मध्ये समोर आला तेव्हा कळलं. सात वर्षं ती कुटुंबं दहशतवाद्यांची कुटुंबं म्हणून जगली. आणि समजा एखादा खरंच बंडखोर असेल, तरी पकडून मारायचा अधिकार राज्याला कोणी दिला? त्याच्या आईचा प्रश्न उरतोच.

परभणी तर ताजी आहे. डिसेंबर २०२४मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या आंदोलनात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मरण पावले. सरकारनं दहा लाखांची मदत जाहीर केली. त्यांच्या आईनं ती नाकारली. पुढे गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला उच्च न्यायालय गाठावं लागलं. काहींनी तेव्हा विचारलं होतं, गरीब घर आहे, पैसे का नाकारायचे? माझं उत्तर असं, की नाकारणं हा त्या माउलीचा अधिकार होता आणि दुसऱ्या एखाद्या आईनं घेतले असते तर तोही तिचा अधिकार. पैसे घेणारी आई विकली गेली, असं म्हणायचा हक्क आपल्यापैकी कोणालाही नाही. घरात चूल पेटवायची असते. सरकारनं त्या पैशांची पावती ‘प्रकरण मिटलं’ म्हणून वापरू नये, हे पाहणं आपलं काम आहे.

आपण काय करायचं?

आपण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. आपल्या वस्तीत असं काही झालं की आधी आपल्यालाच हाक येते, “जरा कागद बघ गं.” म्हणून काही साध्या गोष्टी सांगते.

अर्जात ‘मदत’ लिहायची वेळ आली तरी कोणत्या कायद्याखाली, कोणत्या नियमाखाली मागतो आहोत ते लिहा. नियमाचा आकडा आला की कृपेचा हक्क होतो. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य गाळा.

पैसे घेताना कुटुंबाकडून कोणत्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो ते वाचा. ‘यापुढे आमची तक्रार नाही’ असं वाक्य असेल तर सही करू देऊ नका. ‘खटल्याचा हक्क राखून रक्कम स्वीकारली’ असं लिहा, तारीख घाला, प्रत ठेवा.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ मध्ये पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क लिहिले आहेत. ते पाठ असू द्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते. जिल्हा दक्षता समितीकडे किती प्रकरणांत रक्कम थकली आहे, हे माहिती अधिकारात विचारा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

रक्कम कोणाच्या खात्यात जाते ते बघा. विधवा सुनेचं नाव यादीतून गळलं आहे का? लग्नाची नोंद नसेल तर आजच करून घ्या, वाईट प्रसंगाची वाट बघू नका. नेपाळच्या बायकांनी या एका कागदापायी किती सोसलं, ते आत्ता ऐकलंत.

आणि नोंदी ठेवा. नेपाळमधल्या बेपत्तांच्या बायकांनी याद्या केल्या. आपल्याला तर लिहिता येतं. कोणाला कधी नेलं, कोणी पाहिलं, गाडीचा नंबर काय, पोलीस ठाण्यात काय सांगितलं, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. वीस वर्षांनी एखाद्या न्यायालयात तीच वही पुरावा होऊ शकते.

दहा लाख कशाचे, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. मेलेल्याच्या आईला तो कधी विचारू नका.

जय भीम.